रवा नाचतो तेव्हा

एक वाडगा घ्या. स्टीलचा, चिनीमातीचा, कुठलाही चालेल, फक्त तोंड रुंद हवं. फुटलेल्या मोठ्या फुग्याचं रबर कापून ते वाडग्याच्या तोंडावर ताणून बसवा आणि कडेनं रबरबँड घाला. सुरकुती राहू देऊ नका. बोटानं टिचकी मारल्यावर ‘टुम्’ असा आवाज आला की जमलं. आता त्या रबरावर चिमूटभर बारीक रवा पसरा.

मग स्वयंपाकघरातलं एखादं मोठं ताट वाडग्याच्या वर वीतभर उंचीवर धरा आणि पळीनं ताटावर एक जोरदार ठोका द्या.

पाहिलंत? रवा उडाला! ताट रबराला टेकलं नाही, पळी टेकली नाही, वाडगा कुणी हलवला नाही, तरी दाणे टुणकन उडाले.

माझ्या भाचीला मी हा प्रयोग पहिल्यांदा दाखवला तेव्हा ताट वगैरे काही नव्हतं. वाडग्यापाशी तोंड नेऊन मी नुसता ‘ऊऽऽऽ’ असा लांब सूर लावला आणि रवा नाचायला लागला. ती तेव्हा आठ वर्षांची. दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाली, “मामा, तू फुंकर मारतोयस.”

मला ती शंका फार आवडली. अशी शंका आली की वाद घालत बसायचं नाही, लगेच करून पाहायचं. म्हटलं, “मग तूच फुंकर मारून बघ.” तिनं मारली. रवा सगळा एका बाजूला ढकलला गेला आणि अर्धा ओट्यावर सांडला. मग पुन्हा रवा पसरून तिनंच ‘ऊऽऽऽ’ म्हटलं. या वेळी दाणे पळून गेले नाहीत. जागच्या जागी थुईथुई नाचले आणि थोड्या वेळानं चक्क ओळी करून उभे राहिले. फुंकर आणि सूर दोन्ही तोंडातूनच निघतात, पण त्यांतला फरक रव्याला बरोबर कळतो.

काय असतो हा फरक? फुंकर मारता तेव्हा तोंडातली हवा खरोखर वाडग्यापर्यंत जाते. सूर लावता तेव्हा हवा जवळपास तिथल्या तिथेच राहते. पुढे जातो तो फक्त धक्का.

पंढरपूरला आषाढीच्या दर्शनाची रांग तुम्ही पाहिली असेल, निदान टीव्हीवर तरी. एकमेकांना खेटून माणसं उभी असतात. मागे कुणाचा तोल गेला की त्याचा धक्का पुढच्याला, त्याचा आणखी पुढच्याला, असं करत करत तो पार पुढे पोचतो. माणसं मात्र आपापल्या जागीच. प्रत्येक जण जरासा पुढे झुकतो आणि परत सरळ होतो. धक्का फर्लांगभर गेला, पण माणूस वीतभरही सरकला नाही.

ताटावर पळी बसते तेव्हा हेच होतं. पत्रा थरथरतो. पुढे आला की समोरच्या हवेच्या कणांची दाटी होते, मागे गेला की तिथे हवा विरळ होते. पुन्हा दाटी, पुन्हा विरळ. शाळेच्या पुस्तकात यांना संपीडन आणि विरलन अशी भारदस्त नावं आहेत. परीक्षेत तीच लिहा, पण मनात दाटी आणि फट म्हणालात तरी चालेल. दाटी-फट, दाटी-फट अशी ही माळ रबरापर्यंत पोचते. दाटी आली की रबर आत दबतं, फट आली की बाहेर येतं. मग वरच्या रव्याला स्वस्थ बसणं कसं जमणार?

हवा २० अंश सेल्सिअसला असेल तर हा धक्का सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. हवा तापली की तिचे कण आधीच जास्त चपळ झालेले असतात, म्हणून दर अंशामागे वेगात साधारण ०.६ मीटरची भर पडते. ३४३ मीटर म्हणजे पुष्कळ वाटतं, पण प्रकाशापुढे आवाज फारच संथ. नदीच्या पलीकडच्या काठावर कुणी दगडावर धुणं आपटत असेल तर नीट लक्ष देऊन बघा. कपडा दगडावर आपटलेला आधी दिसतो, ‘धप्’ नंतर येतो. पावसाळ्यात वीज चमकली की ‘एक, दोन, तीन’ असे सेकंद मोजायला लागा. गडगडाट ऐकू येईपर्यंत जेवढे सेकंद झाले त्यांना ३ नं भागलं की वीज किती किलोमीटर दूर होती ते कळतं.

रांगेतली माणसं जितकी घट्ट धरून उभी तितका धक्का झटपट पुढे जातो. म्हणून पाण्यात आवाज सेकंदाला जवळजवळ दीड किलोमीटर जातो आणि पोलादात सुमारे पाच किलोमीटर. शाळेच्या लांब लाकडी बाकाला कान लावा आणि मैत्रिणीला दुसऱ्या टोकाला नखानं हळूच खरवडायला सांगा. एवढंसं खरवडणं केवढं मोठं ऐकू येतं! आणि चंद्रावर? तिथे रांगच नाही, हवाच नाही. तुमच्या शेजारी भला मोठा धोंडा कोसळला तरी हवेतून तुमच्यापर्यंत काहीही यायचं नाही.

आता पुन्हा वाडग्याकडे. पहिल्यांदा खालच्या, जाड सुरात ‘ऊऽऽऽ’ म्हणा. मग सूर हळूहळू चढवत न्या. मध्येच रवा एकदम खवळल्यासारखा नाचेल, मध्येच गप्प होईल, आणि त्याच्या ओळींची नक्षीही बदलेल. का? सूर चढतो म्हणजे सेकंदाला पोचणाऱ्या धक्क्यांची संख्या वाढते. या संख्येला वारंवारिता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. सेकंदाला १०० धक्के म्हणजे १०० हर्ट्झ. रात्री कानापाशी गुणगुणणारी डासाची मादी सेकंदाला साधारण पाचशे वेळा पंख हलवते आणि आपण नेमका तोच सूर ऐकतो. तिला गळा लागत नाही, पंखच पुरतात.

माणसाच्या कानाला २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. त्याच्या खाली हत्ती एकमेकांशी बोलतात, त्याच्या वर वटवाघळं ओरडत असतात. संध्याकाळी तुमच्या डोक्यावरून वटवाघूळ गेलं आणि तुम्हाला वाटलं की ते गुपचूप गेलं, तर तसं नसतं. ते चांगलं किंचाळत गेलेलं असतं.

लागोपाठच्या दोन दाटींमधल्या अंतराला तरंगलांबी म्हणतात. २० हर्ट्झच्या आवाजात हे अंतर तब्बल १७ मीटर असतं, म्हणजे एसटीच्या गाडीहून लांब. २०,००० हर्ट्झच्या आवाजात फक्त १७ मिलिमीटर, अंगठ्याच्या नखाएवढं. यामुळे एक गंमत होते, आणि ती तुम्ही गणपतीत नक्की अनुभवली असेल. मिरवणूक अजून दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हा काय ऐकू येतं? ढोलाचं ‘धुम्म, धुम्म’. ताशाची तडतड तेव्हा जवळजवळ नसतेच. मिरवणूक कोपऱ्यावरून वळून समोर आली की मग ताशा कडाडतो. ताशा आधीपासून वाजतच होता. पण ढोलाच्या लांबलचक लहरी इमारतींच्या कोपऱ्यांना वळसा घालून येतात, आणि ताशाच्या आखूड लहरी भिंतींवर आपटून तिथेच अडतात. शिवाय वाटेतली हवाही उंच सूर जास्त शोषून घेते.

रव्याच्या ओळींचं सांगायचं राहिलंच. रबर सगळीकडे सारखं हलत नाही. काही जागा जोरात वरखाली होतात, त्यांच्या मध्ये काही रेषा अगदी स्थिर राहतात. हलणाऱ्या जागेवरचा दाणा उडत उडत शेवटी स्थिर रेषेवर येऊन पडतो आणि तिथेच थांबतो. म्हणजे रव्याची नक्षी हा त्या थरथरीचा नकाशाच असतो.

हा नकाशा जगाला दाखवत फिरणारा एक जर्मन माणूस होता, अर्न्स्ट क्लाडनी. १७८७ साली त्याचं यावरचं पुस्तक आलं. तो धातूच्या पातळ पत्र्यावर वाळू टाकायचा आणि पत्र्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. पत्रा गायला लागायचा आणि वाळूतून चांदण्या, जाळ्या, फुलं उमटायची. १८०९ मध्ये पॅरिसला त्यानं हे थेट नेपोलियन बादशहाला करून दाखवलं. बादशहा इतका चकित झाला की ही नक्षी गणितानं समजावून देणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं. ते १८१६ मध्ये मिळालं सोफी जर्मेन या बाईंना. लहानपणी मुलीच्या जातीनं गणित करायचं नाही म्हणून घरच्यांनी सोफीच्या रात्रीच्या मेणबत्त्यासुद्धा काढून घेतल्या होत्या. ती लपवलेल्या मेणबत्तीच्या उजेडात शिकली, आणि पुढे नामांकित गणितज्ञांना पुरुषाचं नाव घेऊन पत्रं लिहीत राहिली. तिच्याबद्दल वाचताना मला दर वेळी भरून येतं.

आता आपल्याकडे येऊ. तुम्ही तबला जवळून पाहिलाय? उजव्या हाताच्या तबल्याच्या पुडीवर मधोमध एक काळा गोल असतो. ती शाई. दौतीतली शाई नव्हे हं! खळ आणि लोखंडाची बारीक काळी पूड यांचा हा लगदा असतो. कारागीर त्याचा पातळ थर देतो, दगडानं घोटतो, वाळू देतो, मग पुढचा थर, पुन्हा घोटणं. असे कितीतरी थर बसतात. मला खूप वर्षं वाटायचं, ही शाई शोभेसाठी असेल.

तसं नाही. डफ वाजवून बघा. तो ‘धप्प’ वाजतो. त्याच्या आवाजाबरोबर ‘सा’ लावायचा म्हटलं तर नेमका कुठे लावायचा ते कळत नाही. तबल्याचा ‘ना’ हा बोल मात्र खणखणीत सुरात वाजतो, इतका की वादक हातोडीनं पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर ठोके देऊन तबला गाणाऱ्याच्या सुरात मिळवून घेतात. दोन्हीकडे ताणलेलं चामडंच आहे. मग असं का?

कुठलीही वस्तू वाजते तेव्हा ती एकच सूर काढत नाही. मुख्य सुराबरोबर बारीक आवाजात वरचे आणखी सूर निघतात. सतारीच्या तारेचे हे वरचे सूर फार शिस्तीचे असतात. मुख्य सुराची वारंवारिता १ धरली तर ते दुप्पट, तिप्पट, चौपट असे येतात, आणि कानाला ते सगळे मिळून एकच गोड सूर वाटतो. साध्या गोल चामड्याचे वरचे सूर असे शिस्तीत येत नाहीत. ते १.५९ पट, २.१४ पट असे कुठेही येतात आणि त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. म्हणून ‘धप्प’.

तबल्यातलं हे कोडं सोडवायला बसले आपले चंद्रशेखर वेंकट रामन. हो, तेच. २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन साजरा करतो तो ज्यांच्या १९२८ मधल्या शोधामुळे, आणि १९३० मध्ये ज्यांना नोबेल पारितोषिक मिळालं, ते रामन. पण प्रकाशावरच्या त्या कामाच्या आधीपासून ते वाद्यांच्या मागे लागलेले होते. १९२० मध्ये त्यांनी कुमार या सहकाऱ्याबरोबर ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मृदंग-तबल्यासारख्या वाद्यांवर टिपण लिहिलं आणि १९३४ मध्ये त्यावर सविस्तर लेख. त्यांनी काय केलं असेल, ओळखा बरं. पुडीवर बारीक वाळू टाकली आणि वेगवेगळे बोल वाजवून वाळूच्या रेषा पाहिल्या! म्हणजे तुमच्या रव्याचाच प्रयोग.

त्यांना दिसलं ते असं. मधल्या शाईच्या वजनामुळे पुडीची हालचाल बदलते, आणि इकडे तिकडे भरकटणारे सूर सरकून एक, दोन, तीन, चार, पाच पटींच्या शिस्तीत येऊन बसतात. चामड्याचं वाद्य तारेसारखं गायला लागतं. ज्यांनी शाई कुठे, केवढी आणि किती जाड लावायची हे ठरवलं, त्यांच्याजवळ मोजायला यंत्र नव्हतं, फक्त कान होते. थर द्यायचा, वाजवून पाहायचं, पुन्हा थर द्यायचा. मला तर कुठल्याही प्रयोगशाळेइतकाच त्या कारागिरांचा आदर वाटतो.

वरच्या सुरांच्या या मिश्रणामुळेच पेटीचा ‘सा’ आणि बासरीचा ‘सा’ वेगळे ओळखू येतात. फोनवर “हॅलो” एवढंच ऐकून आजी तुम्हाला ओळखते, तेही यामुळेच.

इथपर्यंत आपण बाहेरच्या वाडग्यांवर रवा टाकला. पण तुमच्या डोक्यातही दोन वाडगे आहेत. कानाच्या बोळात साधारण अडीच सेंटिमीटर आत ताणलेला पडदा असतो, जेमतेम एक सेंटिमीटर रुंद आणि कागदासारखा पातळ. दाटी आली की आत, फट आली की बाहेर. अगदी आपल्या रबरासारखा.

पडद्याच्या आत तीन चिमुकली हाडं एकमेकांना जोडलेली असतात. हातोडा, ऐरण आणि रिकीब. घोडेस्वार पाय ठेवतो ती रिकीब, अगदी तशीच दिसते ती. सगळ्या शरीरातलं हे सर्वांत लहान हाड, साधारण तीन मिलिमीटरचं. तांदळाच्या दाण्याहूनही लहान! ही हाडं कशाला? कारण त्यापुढे हवा संपते आणि पाणी सुरू होतं. तुम्ही विहिरीत किंवा तलावात बुडी मारलीत आणि काठावरून मित्र ओरडला तर आत किती कमी ऐकू येतं, आठवा. हवेतला आवाज पाण्यावर आपटून बहुतेक सगळा परत फिरतो. कानाच्या आतही तेच झालं असतं. म्हणून पडद्यावरचा सगळा जोर ही हाडं रिकिबीच्या छोट्याशा तळव्यावर एकवटतात. बोटानं दाबल्यावर न टोचणारी लाकडी फळी आणि तेवढ्याच जोरानं टोचणारी टाचणी, तसंच हे. दाब वीसेक पट वाढतो आणि धक्का पाण्यात शिरतो.

ते पाणी असतं एका शंखात. गोगलगायीच्या शंखासारखी अडीच-पावणेतीन वेढ्यांची ही नळी उलगडली तर साधारण साडेतीन सेंटिमीटर भरेल. तिच्या आत लांबभर आणखी एक पडदा असतो. या पडद्यावर काय चालतं हे कसं पाहणार? बुडापेस्टमधल्या टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉर्ज फॉन बेकेशी या शास्त्रज्ञानं ते पाहिलं. टेलिफोन सुधारायचा तर आधी कान समजला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्यानं मरण पावलेल्या माणसांच्या कानातला शंख हलक्या हातानं उघडला, त्यात चांदीचे बारीक बारीक कण टाकले, सूर लावला आणि लुकलुकत्या दिव्यात सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. कण हलताना दिसले. पुन्हा तोच प्रयोग! पत्र्यावर वाळू, पुडीवर वाळू, रबरावर रवा आणि कानात चांदी.

त्याला दिसलं की सूर बदलला की पडद्यावरची सर्वांत जास्त हलणारी जागा बदलते. उंच सूर शंखाच्या तोंडापाशीच पडदा हलवतात, खालचे सूर आत शेंड्यापर्यंत जातात. जणू पेटीच्या पट्ट्या गुंडाळून शंखात ठेवल्या आहेत. या कामासाठी बेकेशीला १९६१ मध्ये नोबेल मिळालं.

त्या पडद्यावर सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्यांच्या डोक्यावरचे अतिसूक्ष्म केस वाकले की विजेचा इशारा निघतो आणि मज्जातंतूतून मेंदूकडे जातो. पंधरा हजार ही संख्या लक्षात ठेवा, कारण माणसाला त्या जन्मात एकदाच मिळतात. कोंबडीच्या आणि इतर पक्ष्यांच्या केसपेशी मेल्या तर नव्या उगवतात, आपल्या उगवत नाहीत. आणि आधी थकतात त्या शंखाच्या तोंडाशी बसलेल्या, उंच सुरांच्या. म्हणून आजोबांना रातकिड्यांची किरकिर ऐकू येत नाही. म्हणूनच त्यांना ‘स’, ‘श’, ‘फ’ नीट उमगत नाहीत आणि “साखर” म्हटलेलं “काकर” वाटतं. त्यांच्याशी बोलताना ओरडू नका. समोर बसून सावकाश, स्पष्ट बोला.

आवाज किती मोठा, ते डेसिबलमध्ये मोजतात. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. साधं बोलणं ६० च्या आसपास. म्हणजे ९० डेसिबलच्या आवाजात ऊर्जा त्याच्या दीडपट नाही, हजारपट! ८५ च्या वर तासन् तास राहिलं तर केसपेशींना इजा होते. ढोल-ताशाच्या पथकाच्या अगदी मध्ये उभं राहिलं तर आवाज १०० च्याही पुढे जातो. मिरवणुकीतून घरी आल्यावर कानात ‘कुंईऽऽ’ वाजत राहतं ना? बाहेर तसा आवाज कुठेच नसतो. दमलेल्या केसपेशींची ती तक्रार असते. मला ढोल मनापासून आवडतो, म्हणूनच आवर्जून सांगतो, ऐकताना थोडं लांब उभे राहा आणि पथकात वाजवत असाल तर कानात बोळे घाला.

आता शेवटचा प्रयोग, आणि तो रात्रीचा. दिवे मालवल्यावर रव्याचा वाडगा उशाशी ठेवा. टॉर्चचा तिरपा उजेड रबरावर पडू द्या. बोलू नका, हलू नका, नुसते ऐका. स्वयंपाकघरातला फ्रीज घुरघुरत असेल. लांब कुठेतरी कुत्रं भुंकेल. शेजारच्या खोलीत आई कूस बदलेल आणि तिच्या बांगड्या किणकिणतील. कानाला ऐकू येणारा सर्वांत बारीक आवाज आपल्या कानाचा पडदा किती हलवतो, सांगू? हायड्रोजनच्या एका अणूच्या रुंदीपेक्षाही कमी. तेवढ्यातून मेंदूला खबर लागते.

बांगड्या किणकिणल्या की पटकन रव्याकडे बघा. तो ढिम्म बसलेला असेल.